कागदाबाहेरचा रकाना

प्रिंटर घरात आणू नये. ज्याला आणायचाय त्यानं खुशाल आणावा, पण मग माझ्याकडे रडत येऊ नये. बेलापुरात आईच्या घरी एका प्रिंटरपुढे बसून मी जो आठवडा काढला, त्यात माझं बीपी आईच्या वर गेलं असेल. आणि आजारी आई होती, मी नव्हे.

झालं होतं असं. आईला पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला. पाय पुढं थोडा सुधारला, पण वाचा गेली ती गेलीच. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई. गावातली निम्मी माणसं तिच्या हातची छडी खाल्लेली, आणि अजून तिला 'बाई' म्हणूनच हाक मारणारी. तिच्या तोंडून आता एकच आवाज यायचा, 'तेते'. पाणी हवं तरी तेते, पाय दुखला तरी तेते. समजायचं सगळं. समजतंय हे सांगता येईना, म्हणून चिडायची. तिची चिडचिड मला बरोबर कळायची, कारण स्वभाव मी तिचाच घेतलाय.

नगरला स्पीच थेरपीच्या मॅडम आहेत, त्यांनी त्यावर एक तक्ता दाखवला. आडवा कागद, त्यावर चौकोन, चौकोनात चित्र आणि खाली ठसठशीत अक्षरात शब्द. आईनं डाव्या हाताचं बोट ठेवायचं आणि आपण समजून घ्यायचं. डाव्या टोकाच्या रकान्यात वरती 'हो'. उजव्या टोकाच्या रकान्यात 'नको', 'पुरे', 'थांबा', 'मला एकटीला बसू द्या'. मधे चहा, पाणी, संडास, दुखतंय वगैरे. हो आणि नको मुद्दाम लांब ठेवलेत, म्हणजे हात चुकत नाही, असं मॅडम म्हणाल्या. शिवाय त्यांनी मला चांगलं बजावलं की, मानेवर जाऊ नका. ह्या आजारात माणूस कशालाही मान डोलावतो, मनात हो असो की नसो. बोट काय म्हणतं ते बघा, आणि शंका आली तर उलटा प्रश्न विचारा. त्यांच्यासमोर आईनं तो तक्ता झकास वापरला. मॅडमनी पुढं केलेलं बिस्किट तिनं 'नको'वर बोट आपटून परत पाठवलं, तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, आहे, आमची आई आत शाबूत आहे.

आता मुद्द्याचं. भावानं आणि मी ठरवलं होतं की आईनं आता बेलापुरात एकटं राहायचं नाही. भाऊ पुण्यात, मी नगरला एका पतसंस्थेत नोकरीला. माझी रजा संपत आलेली. आईला माझ्याकडे न्यायचं, रविवारी भाऊ गाडी घेऊन येणार, घराला कुलूप. आईला विचारलं तर तिनं मान डोलावली. पण मान धरायची नाही, हे मॅडमनी सांगितलेलं. म्हणून मी भावाला म्हटलं, रविवारच्या आत तक्ता तयार कर, ती बोटानं काय सांगते ते बघू, मगच गाडीत बसवू. तो म्हणाला, "अगं ताई, ती हो म्हणालीय ना." मी म्हटलं, "मान म्हणाली. आई अजून काहीच म्हणालेली नाही." तेवढ्यावर त्यानं ऑनलाइन एक प्रिंटर बेलापूरच्या पत्त्यावर पाठवून दिला. सल्ला मागितला की वस्तू पाठवायची, ही त्याची लहानपणापासूनची सवय.

मॅडमनी तक्ता छापून न देता फाईल दिली होती, तुमच्या घरातले शब्द घाला आणि मग छापा म्हणून. ती फाईल मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. सगळ्यांनी हौसेनं शब्द घातले. प्रत्येकानं घातले की फाईल पुढं सरकवायची, असं करत ती माझ्याकडे परत आली. मी मोबाइलवर उघडून बोटानं सरकवत सरकवत शेवटपर्यंत बघितली. सगळं जागच्या जागी. 'नको'सुद्धा.

प्रिंट दिली. कागद बाहेर आला आणि उजवी बाजू गायब. शेवटच्या रकान्याचा पत्ताच नाही, आणि त्याच्या अलीकडच्या रकान्यातलेही शब्द अर्धे. 'गोळी'तला 'गो' आला, 'ळी' गेला. 'एरंडेल'चं नुसतं 'एरं'.

मी ऑफिसात रोज कागदांचे गठ्ठे छापते, तेव्हा मला वाटलं, हे काय, आत्ता करते. कागद तिरका गेला असेल म्हणून ट्रेमधली कागद धरणारी पट्टी घट्ट केली. परत तेच. कागदाचा साइज चुकला असेल म्हणून सेटिंगमध्ये गेले, तर तिथं ए-फोरच्या जागी लेटर. हं, सापडलास, म्हटलं. बदललं. परत तेच, फक्त आता 'गोळी'च्या 'गो'चा कानाही गेला. समास कमी केले. हेड क्लीनिंग केलं, त्यात शाई फुकट गेली. प्रिंटर बंद करून, वायर काढून, जरा थांबून पुन्हा लावला. हा उपाय माणसाला 'जरा झोप' म्हणून सांगतात तसा आहे, कुठल्याही दुखण्यावर सांगतात. तेवढ्यात लाइट गेली. लाइट आली आणि प्रिंटरनं आपण होऊन एक पान ओढलं, त्यावर काहीच न छापता बाहेर फेकलं. मी त्याला जे बोलले ते आईनं पलंगावरून ऐकलं आणि 'तेते' केलं. शाळेत असते तर मला बाकावर उभं केलं असतं.

मग टेस्ट पेज काढलं. ते मात्र अगदी देखणं. चारी कोपरे, चौकट, रंगांचे पट्टे, कुठं मिलीमीटर कापलेला नाही. म्हणजे ह्याला येतं सगळं, फक्त आमचंच काम करायचं नाहीये. मला तर वाटायला लागलं की हा मुद्दाम करतोय.

ग्रुपवर फोटो टाकला तर फुकटच्या सल्ल्यांचा पाऊस. भाऊ म्हणाला, ड्रायव्हर अपडेट कर. भावजय म्हणाली, ताई, फिट टू पेज करून बघा. केलं होतं. मावशी सोनईला असते, तिला प्रिंटरमधलं ओ की ठो कळत नाही, तिनं लिहिलं, कशाला एवढा जीव काढतेस, चहा, पाणी, औषध सगळं आलंय की. मी लिहिलं, मावशी, 'नको' आलेलं नाही. त्यावर मावशीनं जे लिहिलं ते मी जपून ठेवलंय. 'आजारी माणसाचं नको ऐकायचं नसतं. नको नको म्हणतच खातात.' आणि त्यावर तिघांनी पसंतीचा अंगठा टाकला.

आता ह्यात मावशीला तरी काय बोलायचं. आमच्याकडची रीतच ती. पाहुणा नको म्हणाला की अर्धी पोळी वाढायची, ताटावर आडवा हात धरला की हाताच्या बाजूनं वाढायचं. मीही तेच करते. नको हा शब्द आमच्याकडे सुरुवात म्हणून असतो, उत्तर म्हणून नाही.

श्रीरामपूरहून एका मेकॅनिकला बोलावलं. तो आला, चपला काढल्या, चहा घेतला, त्याच्या मोबाइलमधलं गुलाबाच्या फुलाचं चित्र छापून दाखवलं. फूल अख्खं आलं, देठासकट. "मशीन ओके आहे मॅडम," तो म्हणाला. मी म्हटलं, "मला फूल नकोय, तक्ता पाहिजे." त्यानं तक्ता छापला, उजवी बाजू कापली गेली, त्यानं कागद उजेडात धरून बघितला, मान हलवली आणि पुन्हा म्हणाला, "मशीन तर ओके आहे." मग कंपनीला फोन करायला सांगून निघून गेला. कंपनीला फोन केला तर हिंदीसाठी दोन दाबा. दाबला. गाणं लागलं. मी त्या गाण्याबरोबर भाजी निवडली, कुकर लावला, आईचे केस विंचरले, गाणं चालूच.

शेवटी म्हटलं, जाऊ दे, आहे त्या कागदावर सुरुवात करू. आईच्या पलंगावर आडवा येईल असा जेवायचा पाट होता, त्यावर तो कापलेला कागद चिकटपट्टीनं लावला. संध्याकाळी भावाचा व्हिडिओ कॉल आला. मी मोबाइल उभा करून ठेवला आणि आईला विचारलं, "आई, रविवारी नगरला यायचं ना माझ्याकडे? बोट ठेव."

आईनं मान डोलावली. मी म्हटलं, मान नको, बोट. तिनं डावा हात उचलला, कागदावरून सावकाश उजवीकडे नेला, कागद संपला तरी नेला, आणि पाटाच्या लाकडावर बोट आपटलं. टक टक.

"हात घसरतोय तिचा," भाऊ मोबाइलमधून म्हणाला. "दमलीय. मान हलवली ना, बास झालं."

मी पुन्हा विचारलं. पुन्हा हात उजवीकडे, कागदाबाहेर, लाकडावर. टक टक. आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं पाढा चुकलेल्या मुलाकडे बघायची. मी भावाला म्हटलं, बघू उद्या. आता कुणीही म्हणेल, अगं, एवढं साधं कळू नये? नाही कळलं. त्या प्रिंटरनं माझं डोकंच बंद केलं होतं. उजवी बाजू कापली गेलीय एवढंच मला दिसत होतं. आईनं ती अख्खी बघितलेली होती, मॅडमकडे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मावशी शिरा घेऊन आल्या. ह्या आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात, आईवर त्यांचा भारी जीव. आईला गिळायला त्रास होतो म्हणून अगदी मऊ करून आणलेला, साजूक तुपातला. चमचा तोंडाशी नेला तर आईनं दोन घास खाल्ले, तिसऱ्याला तोंड फिरवलं आणि हात कागदाबाहेर नेऊन टकटक सुरू केली.

"बाई टकटक करत्यात बघ," मावशी खूश होऊन म्हणाल्या. "पोरांस्नी कवितेचा ठेका धरून द्यायच्या ना, तसं. लई ग्वाड. घ्या बाई, अजून एक घास घ्या, तुमाला माजी आन हाय."

आईनं घास घेतला. तिला ठसका लागला. चेहरा लाल, डोळ्यांतून पाणी, मी पाठ चोळतेय, मावशी देवाचं नाव घेतायत. ठसका थांबल्यावर आईनं जोर करून तो पाटच ढकलला. कागद, वाटी, चमचा, सगळं खाली. मावशी रडवेल्या झाल्या. "माजं काय चुकलं का गं? न्हाई, बाईला कवाच असं करताना बघितलं न्हाई." मी म्हटलं, "तुमचं काही नाही हो, आजारपणात असं होतं." हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्यांदा वापरलं की तेही झिजलं असेल. मावशी गेल्या. फरशीवरचा शिरा पुसता पुसता मला रडायला आलं. प्रिंटरवर, कंपनीच्या गाण्यावर, सोनईच्या मावशीला मिळालेल्या अंगठ्यांवर, आणि खरं सांगायचं तर आईवरसुद्धा. किती करायचं माणसानं.

शनिवारी दुपारी मी ऑफिसचा लॅपटॉप उघडला. पतसंस्थेच्या कामासाठी उघडला होता, पण राग गेला नव्हता, म्हणून ती फाईल त्यात टाकून बघितली. आणि कपाळाला हात लावला.

मोबाइलवर तक्ता बोटानं सरकत जातो, कागद कुठं संपला ते दिसतच नाही. लॅपटॉपवर कागद कागदासारखा दिसत होता. पांढरा कागद संपला होता आणि तक्ता आपला पुढं चाललेला, बाहेरच्या करड्या भागात. प्रिंटर बिचारा कागद होता तिथपर्यंत प्रामाणिकपणे छापत होता. त्याच्या पुढचं तो कशावर छापणार? फाईलमध्येच मावत नव्हतं. मावत नव्हतं कारण आम्ही मावू दिलं नव्हतं. भावानं एक रकाना घुसडला होता, व्यायाम, वॉकर, फिरायला. भावजयीनं दुसरा, नारळपाणी, प्रोटीन पावडर, सूप. सोनईच्या मावशीनं तिसरा, पोथी, अंगारा, देवळात जायचंय. आणि चौथा माझा. बीपीची गोळी, शुगर तपासणी, एरंडेल. प्रत्येकानं मधे घुसडला, आणि प्रत्येक रकान्यानं शेवटचा रकाना थोडा थोडा ढकलत कागदाबाहेर काढला. सगळं आम्ही आईला काय देणार त्याचं. आणि ती नाही कशी म्हणणार, ते बाहेर.

मी ग्रुपवर लिहिलं, प्रिंटर ठीक आहे, आपण जास्त भरलंय, दोन रकाने काढावे लागतील. झालं. भाऊ म्हणाला, व्यायाम काढू नको, डॉक्टरनी सांगितलंय. भावजय म्हणाली, ताई, प्रोटीन तर हवंच ना. मावशीनं लिहिलं, देवाचं काढणार असशील तर मला विचारू नकोस. मग भाऊ म्हणाला, अक्षर बारीक कर. मी म्हटलं, आईला दिसणार नाही. मग तो म्हणाला, दोन पानं कर. मी म्हटलं, तिला एकच हात चालतो, पानं कुणी उलटायची? मोबाइल टिंग टिंग करत राहिला. कुणीही आपला रकाना सोडेना. मी तरी कुठं म्हणत होते की माझं एरंडेल काढा.

मी मान वर केली तर आई माझ्याकडे बघत होती. दाराजवळ तिची बॅग भरून ठेवलेली. लुगडी, औषधं, चष्म्याची जुनी डबी. पाट परत तिच्यापुढे होता, त्यावर तोच कापलेला कागद. आणि ती टकटक करत होती. कागदाच्या उजवीकडे, कोऱ्या लाकडावर, वरच्या बाजूला. बरोबर तिथं, जिथं मॅडमच्या तक्त्यात 'नको' होतं.

एवढे दिवस. भावाला उत्तर देताना, शिऱ्याच्या वेळी, ठसका लागायच्या आधी, ती सारखी बोलतच होती, आणि आम्ही हात घसरतोय म्हणत होतो.

प्रिंटर, लॅपटॉप, मोबाइल, सगळं सोडून मी ड्रॉवरमधला डब्यांवर नावं घालायचा मार्कर काढला. पाट माझ्याकडे ओढला आणि लाकडावर, तिचं बोट होतं तिथं, मोठ्या अक्षरात लिहिलं, 'नको'. आईनं ते वाचलं. आणि मार्करचा वास जायच्या आत त्यावर बोट ठेवलं. आपटलं नाही, ठेवलं. बोटाला काळी शाई लागली. तिची नजर माझ्याकडे नव्हती, दाराजवळच्या बॅगेकडे होती.

"नगरला यायचं नाही?" मी विचारलं. बोट तिथंच.

मॅडमनी शिकवलेलं आठवलं, उलटं विचारा. म्हटलं, "मग इथंच राहायचं? ह्या घरात?" आईनं बोट उचललं. डावा हात तिनं लाकडावरून कागदावर आणला, माझं एरंडेल ओलांडलं, पोथी ओलांडली, नारळपाणी, वॉकर, सगळं ओलांडून डाव्या टोकापर्यंत नेला आणि 'हो'वर टेकवला. तिथं शाईचा काळा ठसा उमटला.

मला रडू आलं आणि संतापही आला, दोन्ही एकदम. हिला कोण बघणार इथं? मी रोज नगरहून येणार? शेजारच्या मावशी किती करतील? रात्रंदिवस सांभाळायला बाई कुठून मिळणार? हे सगळं मी तिला मोठ्यानं म्हणून दाखवलं, अगदी हातवारे करून. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मी थांबल्यावर पुन्हा हात सगळा रस्ता ओलांडून उजवीकडे नेला आणि लाकडावर ठेवला. झटका आल्यापासून तिचा चेहरा इतका मोकळा मी पाहिला नव्हता.

मी भावाला फोन लावला. म्हटलं, "उद्या गाडी आणू नकोस. आई येत नाही."

"कोण म्हणालं?"

"आई म्हणाली."

तो म्हणाला, "ताई, अगं, परत एकदा विचारून बघ की. समजावून सांग तिला. नको म्हणणारच ती आधी."

"सुलटं विचारलं, उलटं विचारलं. समजावूनही झालं."

"अगं पण..."

"नको म्हणाली," मी म्हटलं.